कॉफीला एरंडीचं तेल

माझ्या सासुरवाडीत कॉफी पिकते आणि चहा पितात. यात काहीतरी चुकतंय हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण मी पडलो जावई. जावयाने सासुरवाडीच्या कारभारात बोलायचं नसतं आणि पुढे आलेला चहा नाकारायचा नसतो. दोन्ही नियम मी आजवर पाळत आलो.

सासुरवाडी नागपुरातच, प्रताप नगरात. आम्ही महाल भागातले. कॉफीचं शेत मात्र वर चिखलदऱ्याला. तिथे कॉफी होते हे सांगितलं की माझ्या इन्शुरन्सच्या ऑफिसातले लोक अजूनही हसतात. विदर्भात कापूस, तूर, संत्री आणि ऊन एवढंच पिकतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. पण माझे सासरे रुपराव यांच्या वडिलांनी कधीकाळी परतवाड्याहून घाट चढून वर जमीन घेतली आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झाडं लावली. का लावली ते कुणाला सांगितलं नाही. गावातले लोक म्हणायचे, म्हातारा तुरीवर रागावला असेल.

म्हातारा गेला, झाडं राहिली. रुपराव पाटबंधारे खात्यात होते. दर हिवाळ्यात ते रजा काढून सगळ्या घरादाराला वर न्यायचे, फळं तोडायचे, वाळवायचे आणि पोती एका व्यापाऱ्याच्या गाडीत टाकून मोकळे व्हायचे. पुढे त्या कॉफीचं काय होतं, याची चौकशी कुणी केली नाही. घरात तिचा थेंबही कुणी चाखला नव्हता. सासूबाईंच्या मते कॉफी ही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आणि परीक्षेला बसलेल्या मुलांना द्यायची वस्तू होती.

मग तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, म्हणजे वैभवीच्या, डोक्यात कॉफी शिरली. ती कर्नाटकात जाऊन शिकून आली आणि तिने सगळ्या घराला कामाला लावलं. फक्त लाल फळ तोडायचं. हिरवं तोडलं म्हणून तिने सख्ख्या काकूला बांधावर बसवून ठेवलं. फळं जमिनीवर नाही, उंच जाळीवर वाळवायची, दिवसभर हलवत राहायची, रात्री झाकायची. या वर्षीच्या मालातून साल काढून, निवडून निवडून चार पोती निघाली. घरात त्याला ‘वैभवीची पेशल’ म्हणायचे, टपरीवरच्या पेशल चहासारखं. ती चिडायची, आणि म्हणून अजून म्हणायचे.

पण इकडे रुपरावांचे गुडघे गेले होते. घाट चढवेना. त्यात एक रिसॉर्टवाला मागे लागला होता. कॉफीच्या झाडांच्या जागी त्याला लाकडी खोल्या आणि पोहण्याचा तलाव करायचा होता. एका रविवारी रुपरावांनी बशीत चहा ओतला, फुर्र करून एक मोठा घोट घेतला आणि निकाल सांगितला.

“बाबा, आवाज नका करू,” वैभवी म्हणाली. हे ती लहानपणापासून म्हणते आहे.

“हे पाह्य वैभू,” ते म्हणाले, “तू मेहनत करून राहिली, मी नाई म्हणत नाई. पण आपला माल आपणच चांगला म्हणून जमत नाई. बाहेरच्या समजणाऱ्या माणसानं चाखून ‘घेतो’ म्हटलं, तं शेत राहीन. नाई तं अक्षय तृतीयेले मी त्या रिसॉर्टवाल्याले होकार देतो.”

वैभवीने समजणारं माणूस शोधलं. नूपुर नावाची मुलगी, बंगळुरूला काही वर्षं कॉफी भाजून नागपुरात परतलेली आणि धरमपेठेत स्वतःची भट्टी टाकून बसलेली. ती घरी येऊन माल बघणार, थोडा नेऊन भाजणार आणि आवडला तर सगळाच घेणार. त्यासाठी चारही पोती वरून प्रताप नगरला आणली. मागच्या खोलीत, आतून जाड प्लास्टिक लावून, तोंडं घट्ट बांधून ती ठेवली होती.

नूपुर यायच्या चार दिवस आधी सावनेरला लग्न होतं. मी आणि वैभवी दोन दिवस तिकडे. रुपराव त्याच वेळी रिसॉर्टवाल्याच्या गाडीतून, त्याला शेताचे बांध दाखवायला चिखलदऱ्याला गेले. निघताना वैभवी आईला म्हणाली, “आई, पोत्यांकडे लक्ष ठेव वं. कॉफीले कसलाच वास लागू देऊ नको.”

माझ्या सासूबाई, शामलाबाई, लक्ष ठेवण्याच्या बाबतीत फार कडक आहेत. आणि तो एप्रिल होता. एप्रिलमध्ये त्यांच्या घरात वर्षाचं धान्य भरतात. घरकामाच्या भीमाबाईला हाताशी घेऊन गहू निवडायचे, तुरीच्या डाळीला एरंडीचं तेल चोळायचं, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या कोठीत सोंड्यासारखा एक किडा शिरल्याची नोंद नाही. गल्लीतल्या बायका त्यांना विचारून धान्य भरतात.

आम्ही लग्नाहून परतलो तेव्हा मागच्या खोलीत पोती नव्हती. रुपराव आमच्या आधी तासभर येऊन पंख्याखाली बसले होते.

“आई, पोते कुठी गेले?”

“कोठीत भरले. मस्त भरून ठेवलं.” सासूबाईंच्या आवाजात दोन दिवसांच्या कष्टाचं समाधान होतं.

वैभवीने कोठीचं झाकण उघडलं. वर कडुनिंबाचा पाला नीट पसरलेला होता. तिने तो बाजूला सारला. खालची कॉफी चकाकत होती. इतकी सुंदर कॉफी मी तोपर्यंत पाहिली नव्हती, हे मला कबूल करावं लागेल. वैभवीने मूठभर हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि तशीच उभी राहिली.

“आई, याले काय लावलं?”

“एरंडीचं तेल.”

“काहून?”

“काहून म्हणजे? सोंडे लागले असते तं? प्लास्टिकमंधी कोंडून ठेवलं होतं तुमी बिचाऱ्याले. मी अन् भीमाबाईनं दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं, एकेका दाण्याले तेल लावलं. माही कंबर गेली. आता दोन वर्ष पाहा लागत नाई.”

वैभवी तिथेच फरशीवर बसली. “वास लागू देऊ नको म्हटलं होतं मी.”

“मंग? कांदे हलवले. फिनाइल हलवलं. उदबत्ती बंद केली. तुह्या बाबाचा बाम बी वरच्या खोलीत नेऊन ठेवला. एरंडीच्या तेलाले कुठी वास असते?”

मी पंख्याचा वेग वाढवला, कारण जावयाला तेवढंच करता येत होतं.

सासूबाईंना चूक पटली नव्हती, पण मुलगी रडते आहे एवढं दिसत होतं. त्यांनी पदर खोचला आणि उपाय काढला. तेल बेसनाने निघतं. दुसऱ्या दिवशी आम्ही परातीत कॉफी आणि बेसन घेऊन बसलो. चोळलं, चाळलं, जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसलं. तेल निघालं की नाही ते सांगता येणार नाही. बेसन मात्र चांगलं चिकटलं. आता कॉफीला एरंडी, कडुनिंब आणि कच्च्या भज्यांचा वास येत होता.

“भाजल्यावर जाईन,” सासूबाई म्हणाल्या आणि लोखंडी कढई चुलीवर ठेवली.

कढईतून जो धूर निघाला तो खिडकीतून बाहेर पडून गल्लीत पसरला. शेजारचे मनोहरराव कंपाउंडवरून डोकावले. “रुपरावजी, कोणाचं पोट बिघडलं गा?”

“अजून नाई,” रुपराव म्हणाले.

ती कॉफी चाखायचा पहिला मान अर्थातच मला मिळाला. घरात काहीही पहिल्यांदा वाढायचं झालं की सगळ्यांना जावई आठवतो. मी अख्खा कप प्यालो, कारण सासूबाई समोर उभ्या होत्या. आधी कडुनिंब लागला, मग बेसन लागलं, आणि मग बराच वेळ काही झालं नाही. जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी ऑफिसला रजा टाकली आणि कारण कौटुंबिक लिहिलं.

माझी ती अवस्था पाहून मात्र सासूबाईंना कळलं. त्या दिवशी त्यांनी कुणाला टोकलं नाही, भीमाबाईला रागावल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. संध्याकाळी गच्चीवर एकट्या बसल्या होत्या. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाल्या, “जवाईबापू, पोट्टीनं तीन वर्ष जीव लावला. अन् म्या आपल्या हातानं मातेरं केलं.” मी त्यांच्या शेजारी बसलो. खरं तर मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि पोटात अजून कळ येत होती.

रात्री वैभवी एवढंच म्हणाली, “शेत गेलं तर मी काय करू रे ऋषी? मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही.”

नूपुर ठरल्या दिवशी आली. तिने आधीच निरोप दिला होता की घरात अत्तर, पावडर, उदबत्ती, फोडणी काही नको. सासूबाईंनी केसांतला मोगरासुद्धा काढून मनोहररावांकडे पाठवला होता. नूपुरने कोठीतली मूठभर कॉफी घेतली, हुंगली आणि डोळे मिटले.

“कडुनिंब आहे,” ती म्हणाली. “आणि हे दुसरं... थांबा, ओळखीचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी नाक दाबून पाजायची ते.”

वैभवीने तिला सगळं सांगितलं. गच्ची, तेल, बेसन, कढई. माझं काय झालं तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. नूपुर हसली नाही. म्हणजे आधी हसली नाही, मग पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “हे मला घेता येणार नाही. तुम्हालाही माहीत आहे. पण तेल न लागलेली थोडी तरी कॉफी असेल ना? ओंजळभर?”

“सगळी भरली,” सासूबाई खाली बघत म्हणाल्या. “म्या एक दाणा सोडला नाई.”

रुपराव खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. दोन दिवसांवर अक्षय तृतीया होती. त्यांनी आणखी पाच मिनिटं पेपर वाचला असता तर सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

त्यांनी पेपराची घडी घातली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत गेले. लोखंडी कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात स्टीलचा एक डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. तो त्यांनी नूपुरसमोर ठेवला.

“याले नाई लागलं,” ते म्हणाले.

सासूबाई आधी डब्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. “हे कधी काढलं?”

“जानेवारीत. वरतीच. पोते बांधाच्या आधी.”

“अन् मले सांगतलं नाई?”

“सांगतलं असतं तं तू तेल लावलं असतं.”



“पण बाबा,” वैभवी म्हणाली, “तुमी तं शेत इकाले निघाले होते.”

रुपराव भिंतीकडे बघत होते. “म्हून तं ठेवलं. शेत गेल्यावर बाबाच्या हातच्या झाडाचं घरात कायतरी असावं. मले प्याचं नव्हतं. पाहाले ठेवलं होतं. हिवाळ्यात उघडून पाहीन म्हटलं, मंग ठेवून देईन.”

नूपुरने डबा उघडला. वास घेतला, परत एकदा घेतला. “नीट चाखायची तर दोन-तीन प्रकारे भाजून बघावी लागेल,” ती म्हणाली. “थोडी तुमच्यासाठी ठेवू का?”

रुपरावांनी डब्यात बघितलं. “नाई. न्या सगळी. पोट्टीचं काम अर्धवट नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं धरमपेठेत तिच्या भट्टीवर गेलो. टेबलावर ओळीने कप मांडले होते. दळलेल्या कॉफीवर तिने गरम पाणी ओतलं, थोडा वेळ जाऊ दिला, वरचा फेस चमच्याने मोडला. मग तिने चमचाभर कॉफी उचलली आणि अशी काही फुर्र करून ओढली की माझ्या महालातल्या आजीने तिला पानावरून उठवलं असतं.

“असंच ओढायचं,” ती म्हणाली. “जोरात. हवा आत गेली तरच चव सगळ्या तोंडात पसरते. लाजायचं नाही.”

वैभवीने ओढली, बेताची. मला जमेचना, आवाज न करता प्यायचं मला इतकं घोटून शिकवलेलं आहे की चमचा ओठाला लागला की तोंड आपोआप सभ्य होतं. सासूबाईंनी पदराआड ओढली. मग रुपराव पुढे झाले. त्यांनी चमचा उचलला आणि आयुष्यभर बशीवर केलेल्या सरावाने असा फुर्रका मारला की मागे चालू असलेल्या यंत्राचा आवाज त्यात बुडाला.

“अगदी बरोबर,” नूपुर म्हणाली. “बघा, असं.”

रुपरावांनी वैभवीकडे बघितलं.

“कशी वाटली, काका?”

“कडू हाय.” त्यांनी दुसरा चमचा ओढला. “साखर नाई का?”

“नाही.”

तिसरा ओढला. पुढच्या कपाकडे गेले, परत पहिल्याकडे आले. नूपुर तिच्या भाषेत वैभवीला चवीतल्या जांभळाबद्दल आणि गुळाबद्दल सांगत होती. रुपरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. चमचा हातात धरून ते मध्येच म्हणाले, “बाबानं हे कधी प्यालं असंन का? दरवर्षी पोतं भरलं अन् देऊन टाकलं. घरात कोणी कराची नाई.”

सासूबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला आणि काढून घेतला.

नूपुर म्हणाली, “मला ही कॉफी हवी आहे. फार चांगली आहे, मी उगाच म्हणत नाही. पण या वर्षीची तर संपली. पुढच्या हंगामाची सगळी माझ्यासाठी ठेवा. एकच अट. वरून थेट इथे आणायची. प्रताप नगरला उतरवायची नाही.”

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

“अन् सोंडे लागले तं?” सासूबाई म्हणाल्या.

परतताना टॅक्सी केली. रुपरावांची अट या वर्षीच्या मालाची होती, आणि या वर्षीचा माल कुणी घेतला नव्हता. हे वैभवीला कळत होतं, मला कळत होतं, आणि रुपराव पुढच्या सीटवर मांडीवर रिकामा डबा घेऊन बसले होते. वैभवीने मागून विचारायला दोनदा तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. आमच्याकडे हा दिवस वाडवडिलांचा. त्यांच्या नावानं घागर भरायची, पान वाढायचं, ते येऊन जेवतात असं धरून चालायचं. सासूबाईंनी पुरणपोळी केली, चिंच-गुळाचं चिंचवणी केलं. रुपरावांनी वडिलांच्या फोटोसमोर पान मांडलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळाने एक कप घेऊन आले. आदल्या दिवशी नूपुरकडून त्यांनी थोडी पूड कागदात बांधून घेतली होती, आम्हाला न दाखवता. कप त्यांनी पानाच्या उजव्या हाताला ठेवला. विचार केला आणि बाजूला साखरेची वाटी ठेवली.

“त्याले गोड लागे,” ते म्हणाले.

आम्ही हात जोडून उभे होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रिसॉर्टवाला होता. त्याचा आवाज फोनबाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मुहूर्त चांगला आहे, कागद घेऊन येऊ का, म्हणून विचारत होता. वैभवीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे नंतर वळ उठला.

“नाई जमत साहेब,” रुपराव म्हणाले. “बाबाले विचारलं. थे नाई म्हणून राहिले.”

पलीकडचा माणूस गोंधळला. तुमचे वडील तर वारलेत ना, असं काहीतरी तो म्हणाला.

“हो, वारले. पण आज जेवाले आले आहेत.”

त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला आणि परत हात जोडले. वैभवी रडायला लागली. सासूबाईही रडायला लागल्या, आणि रडत रडत म्हणाल्या की पानावर मीठ वाढायचं राहिलं.

जेवणं झाल्यावर रुपरावांनी तो स्टीलचा डबा सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, “यात पुढच्या वर्षीचे दाणे ठेवान ना तुमी? धुऊन ठेवू?”

“कायले?” ते म्हणाले. “आता शेतच हाय.”

सासूबाईंनी डबा घासला, उन्हात वाळवला आणि त्यात तुरीची डाळ भरली. तेल लावून.